व्हेंटिलेटर दिला, परिचारिका कोण देणार?

आपल्या सीमाभागात देणगीच्या तऱ्हा काळाप्रमाणे बदलत आल्या आहेत. एके काळी पुढारी तालमीला गाद्या देत, शाळेला पंखे देत, देवळापुढे फरशी घालून देत. २०२० च्या साथीपासून त्यात व्हेंटिलेटरची भर पडली. त्या वर्षी १३ मे रोजी पीएम केअर्स निधीतून ५० हजार व्हेंटिलेटरांसाठी २ हजार कोटी रुपये जाहीर झाले आणि तेव्हापासून हे यंत्र म्हणजे आरोग्यसेवेचा जणू मंगलकलशच होऊन बसले. हार घातलेला व्हेंटिलेटर, शेजारी हात जोडून उभे असलेले नेते, मागे फलक! पक्ष कोणताही असो, छायाचित्र एकच. आता आपल्या मंडळातही जमा निधीतून एखाद्या रुग्णालयाला व्हेंटिलेटर द्यावा, त्यावर मंडळाचे नाव असावे, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या हेतूविषयी आम्हाला तिळमात्र शंका नाही. तरीही हा निधी यंत्रावर खर्च करू नये असे आमचे स्पष्ट मत आहे, आणि ते का, हे सभासदांपुढे सविस्तर मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

आम्ही बँकेत खिडकीवर बसतो. वाणिज्य शाखेचे पदवीधर, वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पण आजारपणाचा पैसा माणसे कुठून उभा करतात हे डॉक्टरांपेक्षा आम्हाला जास्त दिसते. मुदत ठेव मुदतीआधी मोडायला माणूस येतो तेव्हा कारण विचारायची पद्धत आहे. पहिल्या खेपेला कारण सरळ असते. कोणी दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेला, कोणाच्या पोटात फवारणीचे औषध गेलेले, कोणाला रात्री अंथरुणात मण्यार चावलेली. व्हेंटिलेटरवर ठेवले आहे, दोन-चार दिवसांचा प्रश्न आहे असे डॉक्टर म्हणाले, अशी आशाही असते. आठ-दहा दिवसांनी तोच माणूस दुसरी पावती घेऊन येतो, आणि या वेळचे कारण वेगळे असते. "डोक्याचं सुधारतंय म्हणतात साहेब, पण छातीत न्यूमोनिया धरलाय." खासगी दवाखान्यात अतिदक्षता विभागाचे व्हेंटिलेटरसह रोजचे बिल पाच आकड्यांत जाते. पहिली ठेव मूळ आजाराने खाल्लेली असते. दुसरी ठेव कशाने खाल्ली, याचा विचार आपण कधी केला आहे काय?

त्याला डॉक्टर मंडळी 'व्हॅप' म्हणतात. व्हेंटिलेटर लावून ४८ तास उलटल्यावर फुफ्फुसांत जो जंतुसंसर्ग होतो तो हा. घरून आणलेला नव्हे, तिथेच जडलेला. बोलीत सांगायचे तर माणूस एका दुखण्यासाठी गेला आणि दुसरे घेऊन बसला.

हे घडते कसे, ते समजून घेण्यासारखे आहे. निरोगी माणसाची फुफ्फुसे राखायला निसर्गाने पहारेकरी बसवले आहेत. नाकातले केस, घशातली पडजीभ आणि झाकण, श्वासनलिकेतली सूक्ष्म लव, आणि सर्वांत मोठा पहारेकरी म्हणजे खोकला. तोंडातून श्वासनलिकेत नळी घातली की हे सगळे पहारेकरी एका फटक्यात बाजूला होतात. त्यात गुंगीचे औषध चालू असल्याने खोकलाही येत नाही. नळी जागच्या जागी राहावी आणि हवा गळू नये म्हणून तिच्या टोकाजवळ एक छोटा फुगा फुगवलेला असतो. तोंडातली लाळ, घशातला कफ, पोटातून वर आलेले अन्न हे सगळे त्या फुग्याच्या वर साचून राहते आणि फुग्याच्या सुरकुत्यांतून थेंबाथेंबाने खाली झिरपते. नळीच्या आतल्या बाजूलाही जंतूंचा चिकट थर धरतो. विहिरीवरच्या जुन्या पाइपात शेवाळ धरते तसा. औषध त्या थराच्या आत पोचत नाही. म्हणजे ज्या नळीने जीव वाचतो तीच नळी जंतूंचा रस्ता होते. तिथे यंत्राचा दोष नाही. नळी जितके दिवस जास्त, तितका धोका जास्त, एवढे लक्षात ठेवले तरी पुढचे सगळे सोपे जाते.

एक जुनी गोष्ट इथे सांगायला हवी. १९५२ साली डेन्मार्कमध्ये कोपनहेगन शहरात पोलिओची मोठी साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेली मुले ब्लेगडॅम रुग्णालयात एकामागून एक येऊ लागली आणि यंत्रे तर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा ब्योर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाने गळ्याला छेद देऊन नळी बसवायची आणि रबरी पिशवी हाताने दाबून श्वास द्यायचा असा मार्ग काढला. पिशव्या दाबायला वैद्यकीय महाविद्यालयाचे सुमारे दीड हजार विद्यार्थी पाळीपाळीने बसले. दिवसरात्र, महिनोन्महिने. मृत्यूचे प्रमाण झपाट्याने खाली आले आणि आजच्या अतिदक्षता विभागाची कल्पना तिथून जगभर गेली. म्हणजे या विभागाचा जन्म यंत्रातून झालेला नाही, रुग्णाच्या उशाशी अखंड बसलेल्या माणसातून झाला आहे. पुढे यंत्र आले ते पिशवी दाबणारे हात मोकळे करायला. आपल्याकडे मात्र यंत्र आले आणि उशाशी बसणारा माणूसच काढून घेतला गेला.

हा न्यूमोनिया टाळण्याचे जे उपाय जगभरात तावून सुलाखून निघाले आहेत त्यांची यादी वाचून आमच्यासारख्या हिशेबी माणसाला आश्चर्यच वाटले. त्यांतले बहुतेक जवळजवळ फुकटचे आहेत! १९९९ साली बार्सिलोनाच्या डॉक्टरांनी व्हेंटिलेटरवरच्या ८६ रुग्णांवर एक साधी चाचणी केली. काहींना सपाट झोपवले, काहींना पलंगाचे डोके ४५ अंश उचलून निजवले. सपाट झोपलेल्या ४७ पैकी १६ जणांत न्यूमोनियाची लक्षणे दिसली, उशाशी उचललेल्या ३९ पैकी फक्त तिघांत. पुढच्या चाचण्यांत फरक एवढा ठळक दिसला नाही हे खरे, पण ३० ते ४५ अंश हा नियम आजही सर्वत्र आहे. मणक्याला इजा असेल तर गोष्ट वेगळी, ते डॉक्टरच ठरवतील. २००० साली शिकागोत १२८ रुग्णांवर दुसरी चाचणी झाली. गुंगीचे औषध रोज एकदा थांबवून रुग्णाला जागे होऊ दिले, तर व्हेंटिलेटरचे दिवस सरासरी ७.३ वरून ४.९ वर आले. नवे औषध नाही, नवे यंत्र नाही. होते ते औषध थांबवून पाहायचे आणि माणूस स्वतःहून श्वास घेतो का ते रोज तपासायचे.

आणि दात घासण्याचे काय? आपल्या आजीने ऐकले असते तर म्हणाली असती, त्यात नवल ते काय! बरीच वर्षे रुग्णाच्या तोंडात क्लोरहेक्सिडिन नावाचे जंतुनाशक लावण्याची पद्धत होती. त्याचा फायदा डळमळीत आणि नुकसानीची मात्र शंका, असे दिसल्यावर अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी २०२२ च्या सूचनांत ते वगळले आणि साध्या ब्रशने दात घासा असे सांगितले. २०२३ च्या अखेरीस १५ चाचण्यांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. त्यातही ब्रश केलेल्या रुग्णांत रुग्णालयात जडणारा न्यूमोनिया कमी आढळला, आणि हा फायदा व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांतच मुख्यतः दिसला. ब्रश वीस-पंचवीस रुपयांत येतो.

पण बेशुद्ध माणसाच्या तोंडात नळी असताना दात घासायचे म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. नळी हलता कामा नये, पाणी आत जाता कामा नये, एका हाताने लाळ ओढणारी नळी धरायची, दुसऱ्याने ब्रश. शिवाय दर काही तासांनी कूस बदलायची, फुग्यातला दाब मोजायचा, साचलेला कफ ओढून काढायचा, आणि प्रत्येक कामाआधी व नंतर हात धुवायचे. हे काम जिकिरीचे आहे आणि ते यंत्र करत नाही, डॉक्टरही करत नाहीत. ते करते परिचारिका. अतिदक्षता विभागात प्रत्येक पाळीत एका रुग्णामागे एक परिचारिका असावी असा भारतीय परिचर्या परिषदेचा निकष आहे. आम्ही नातेवाइकांच्या निमित्ताने ज्या ज्या अतिदक्षता विभागांच्या दाराशी बसलो, तिथे रात्रीच्या पाळीला एक सिस्टर तीन तर कधी चार खाटा सांभाळताना पाहिली. एका खाटेवरून दुसरीकडे धावताना तिने हात धुवायचे कधी? हात न धुता ती जे घेऊन जाते, तेच जंतू दुसऱ्याच्या नळीत जातात. इथे तिला दोष देणे म्हणजे एकाच खिडकीवर चार रांगा लावून कारकुनाच्या नावाने ओरडणे होय!

आणि परिचारिका आपल्याकडे नाहीत असेही नाही. नर्सिंगच्या शिक्षणासाठी कर्ज मागायला खानापूर, चंदगड, बेळगाव तालुक्यांतल्या मुली येतात. वडील ऊसउत्पादक किंवा गवंडी, मुलगी हुशार. दोन-तीन वर्षांनी कर्जाचे हप्ते सुरू होतात ते पुण्या-मुंबईहून, बंगळुरूहून, कधी आखाती देशांतून. इथे का राहिली नाहीस, असे विचारले तर उत्तर एकच: इथल्या पगारात हप्ताच फिटत नाही काका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ साली खासगी रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या वेतनाचा प्रश्न केंद्राकडे सोपवला, त्यावर समिती बसली, आणि ५० खाटांपेक्षा लहान रुग्णालयातही दरमहा २० हजारांपेक्षा कमी पगार नसावा अशी शिफारस आली. शिफारस करून इतकी वर्षे लोटली. आपल्या एकाही पुढाऱ्याच्या भाषणात आम्ही ती ऐकली नाही. पगाराच्या शिफारशीला हार घालता येत नाही ना!

आता औषधांकडे येऊ. एकदा न्यूमोनिया झाला की नातेवाईक डॉक्टरांना म्हणतात, "काय भारी असेल ते इंजेक्शन द्या, पैशाची काळजी करू नका." या वाक्याची फार मोठी किंमत समाज मोजतो आहे. कोबीवरच्या अळीचा अनुभव असलेल्या आपल्या शेतकऱ्याला हे वेगळे समजावायला नको. तेच औषध पुन्हा पुन्हा मारले की अळी मरेनाशी होते, मग त्याहून जहाल औषध, मग त्याहूनही. अतिदक्षता विभागातल्या जंतूंचे अगदी तसेच झाले आहे. ॲसिनेटोबॅक्टर नावाचा जंतू आपल्या देशात व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांना फार छळतो. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या रुग्णालय-जाळ्याच्या २०२१ च्या अहवालात त्याच्या दहांतल्या आठांहून अधिक नमुन्यांवर मेरोपेनेमच्या जातीची औषधे चालत नाहीत असे दिसले. मग उरते कोलिस्टिन. हे औषध १९४० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये सापडले आणि मूत्रपिंडाला अपाय करते म्हणून १९७० च्या दशकात जवळजवळ माळ्यावर टाकले गेले होते. दुसरे काही उरले नाही म्हणून ते खाली उतरवावे लागले. फुफ्फुस वाचवता वाचवता काहींच्या बाबतीत डायलिसिसची वेळ येते ती अशी. कहर म्हणजे हेच औषध आपल्या देशात कोंबड्यांचे वजन वाढावे म्हणून खाद्यातून दिले जात होते. त्यावर बंदी यायला २०१९ साल उजाडले.

योग्य रीत कोणती, हे वैद्यकशास्त्राने सांगून ठेवले आहे. शंका येताच खोलवरच्या कफाचा नमुना कल्चरला पाठवायचा, रुग्णाची अवस्था पाहून लगेच औषध सुरू करायचे, दोन-तीन दिवसांनी अहवाल आला की त्या जंतूला लागू पडेल तेवढेच ठेवून बाकीची बंद करायची, आणि वेळेत थांबायचे. वेळेत म्हणजे किती? फ्रान्समधल्या ५१ अतिदक्षता विभागांत ४०१ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००३ साली आले. ८ दिवसांचा कोर्स आणि १५ दिवसांचा कोर्स यांत मृत्यूचे प्रमाण सारखेच निघाले. स्यूडोमोनाससारख्या चिवट जंतूंचा आजार कमी दिवसांत उलटण्याचा संभव जास्त, एवढा अपवाद सोडला तर बाकी सात दिनरात्र जास्तीचे औषध वाया. २०२४ मध्ये नेपाळ, थायलंड आणि सिंगापूर इथल्या चाचणीतही, ताप उतरून रुग्ण स्थिरावला की सात दिवसांच्या आत औषध थांबवणे मोठ्या कोर्सपेक्षा कमी ठरले नाही. नेपाळची रुग्णालये आपल्यासारखीच आहेत, तेव्हा "ते परदेशातलं, आपल्याकडे चालत नाही" ही सबबही आता उरली नाही.

यावर कोणी म्हणेल, हे सगळे डॉक्टरांचे काम, मंडळाच्या पत्रिकेत कशाला? इथेच तर आपल्या प्रश्नाची गाठ आहे. बेशुद्ध माणसाच्या वतीने बोलायचे ते घरच्यांनी. आणि आपल्या घरच्यांना बोलायला भाषाच ठेवलेली नाही. संमतिपत्र कन्नड किंवा इंग्रजीत, तपासणीचा अहवाल इंग्रजीत, फलक कन्नडमध्ये. सही मात्र मराठी बाईच्या अंगठ्याची! नवऱ्याच्या घशातून नळी घातली जाणार आहे की गळ्याला छेद देऊन, हे तिला सहीनंतर कळते. ज्या भागात भाषिक अल्पसंख्याक १५ टक्क्यांहून अधिक आहेत तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे केंद्राने १९५६ पासून सांगितले आहे. आपण ते सातबारा, बसच्या पाट्या आणि शाळा यांसाठी मागत आलो. रुग्णालयाच्या दारात मात्र आपण कधी मागितले नाही. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०१८ साली रुग्णहक्कांची सनद तयार केली आणि २०१९ मध्ये केंद्राच्या आरोग्य खात्याने ती राज्यांकडे पाठवली. रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती, आणि दाखल असताना मागितल्यापासून २४ तासांत कागदपत्रांच्या प्रती, हे दोन्ही हक्क तीत आहेत. कर्नाटकाच्या खासगी वैद्यकीय आस्थापना कायद्यात २०१७ च्या दुरुस्तीने रुग्णसनद आली, आणि जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली तक्रार ऐकणारे प्राधिकरणही आले. म्हणजे दार आहे, कडी वाजवणारे आपण नाही.

यात एक गोष्ट मात्र स्वच्छ सांगितली पाहिजे. हा कन्नडविरोध नव्हे. इंग्रजी अहवालापुढे गोकाककडची कन्नड माउली तितकीच आंधळी असते. एका रात्री आमच्या आतेभावाच्या खाटेशी असलेली बागलकोटकडची सिस्टर मोडक्यातोडक्या मराठीत आतेवहिनीला सांगत होती, "अक्का, हात धुवून या, मग धरा त्यांना." अतिदक्षता विभागातले इतके उपयोगी मराठी आम्ही कोणाही मराठी डॉक्टरकडून ऐकले नाही!

२०२३ साली महाराष्ट्र शासनाने महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेचा लाभ सीमाभागातल्या ८६५ गावांना देण्याचे ठरवले, त्यासाठी ५४ कोटींची तरतूद केली आणि कर्नाटक सरकारने त्याला आक्षेप घेतला. त्यावरून दोन्हीकडे बरीच भाषणे झाली. योजना आपल्या हक्काची आहे आणि ती मिळालीच पाहिजे, यात दुमत नाही. पण योजना बिल भरते. न्यूमोनिया झाल्यावर त्याचे बिल कोणी भरायचे यावर दोन राज्ये भांडत असताना, तो होऊ नये म्हणून दोघांपैकी कोणी काय केले, हे विचारणारा तिसरा कोणी नको काय?

ते विचारायचे तर आकडे हवेत. २००७ साली भारतातल्या सात शहरांच्या अतिदक्षता विभागांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हजार व्हेंटिलेटर-दिवसांमागे सुमारे १० जणांना हा न्यूमोनिया झाल्याचे दिसले. म्हणजे दहा यंत्रे शंभर दिवस चालली तर दहा कुटुंबांची दुसरी ठेव मोडली. हा झाला सात शहरांचा आकडा. आपल्या जिल्ह्यातल्या कुठल्या रुग्णालयाचा किती, हे सामान्य माणसाला कुठेही वाचायला मिळत नाही. अमेरिकेत काही ठरावीक संसर्गांचे आकडे रुग्णालयनिहाय सरकारी संकेतस्थळावर असतात. गंमत अशी की हा न्यूमोनिया त्या यादीत नाही, आणि त्याला कारण आहे. छातीच्या फोटोतला डाग न्यूमोनियाचा की दुसऱ्या कशाचा, यात मतभेदाला वाव असतो. आकडा जाहीर करायची सक्ती केली की तो आपोआप शून्याकडे झुकतो, असा अनुभव आल्यावर तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने २०१३ मध्ये मोजण्याची व्याख्याच बदलली. आम्हा बँकवाल्यांना हे कळायला वेळ लागत नाही. ३१ मार्चला ताळेबंद कसे सजवतात हे आम्ही पाहत आलो आहोत. म्हणून आमचे म्हणणे असे, की 'आमच्याकडे संसर्ग शून्य' अशा फलकावर विसंबू नये. ज्यात सजावट करणे कठीण तेवढेच मागावे. रात्रीच्या पाळीला किती खाटांमागे किती परिचारिका होत्या, महिन्यात व्हेंटिलेटर एकूण किती दिवस चालले, किती रुग्णांची नळी काढता आली. हे तीन आकडे हजेरीपट आणि नोंदवहीतून निघतात. त्याला ना तज्ज्ञ लागतो ना मतभेद होतो.

आणखी एक बाजू आहे. सगळे नीट करूनही काहींना हा न्यूमोनिया होतोच. आधीच खंगलेले शरीर, डोक्याची मोठी इजा, बिघडलेली फुफ्फुसे यांपुढे चांगल्या डॉक्टरचेही चालत नाही. माणूस गेला की रुग्णालयाच्या काचा फोडायला जमणारी आपली पोरे आम्ही पाहिली आहेत. २००९ च्या कायद्याने कर्नाटकात तो गुन्हा आहे, हा भाग वेगळा. पण ज्यांनी दहा दिवसांत एकदाही "कल्चरचा अहवाल काय आला, आज गुंगी कमी करून पाहिली का, औषध किती दिवस चालणार" असे विचारले नाही, त्यांनी अकराव्या दिवशी दगड उचलावा याला काय म्हणावे? भेटीच्या दहा मिनिटांत पलंगाचे डोके वर आहे का हे पाहता येते. आपण हात धुवून आत जाऊ शकतो. डॉक्टरांना हे प्रश्न शांतपणे, रोज, एकाच माणसाने विचारले तर चांगला डॉक्टर चिडत नाही. उलट घरचे लक्ष देऊन आहेत हे त्याला कळते.

तेव्हा मंडळाच्या निधीबाबत आमची सूचना अशी. व्हेंटिलेटर नको. नर्सिंग पूर्ण केलेल्या आपल्या भागातल्या दोन मुलींचे कर्जाचे हप्ते मंडळाने दोन वर्षे भरावेत, अट एवढीच की त्यांनी ती दोन वर्षे इथल्याच एखाद्या अतिदक्षता विभागात काम करावे. सरकारी असो वा खासगी, मराठी माणसाचे असो वा नसो. उरलेल्या पैशातून संमतिपत्राचा आणि वर सांगितलेल्या प्रश्नांचा मराठी-कन्नड कागद छापून प्रत्येक रुग्णालयाच्या दाराशी ठेवावा. कार्यकारिणीतल्या एका ज्येष्ठांनी आम्हाला विचारले, की व्हेंटिलेटरवर मंडळाची पाटी लागते, मुलीच्या हप्त्यावर ती कुठे लावणार? प्रश्न रास्त आहे. देणगीदारांना नाव दिसायला हवे असते आणि मंडळही देणगीदारांवरच चालते. त्यांची नावे याच पत्रिकेत दर महिन्याला छापावीत, असे आम्ही त्यांना सांगितले. त्यांचे समाधान झालेले दिसले नाही.

दुसरे काम फुकटचे आहे. जिल्ह्यातल्या प्रत्येक अतिदक्षता विभागाने रात्रपाळीच्या परिचारिकांची संख्या दर्शनी फलकावर रोज लिहावी आणि संमतिपत्र रुग्णाच्या भाषेत द्यावे, अशा मागणीचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे आम्ही मराठी आणि कन्नड अशा दोन्ही भाषांत तयार केला आहे. मसुदा मंडळाच्या कार्यालयात संध्याकाळी सहा ते आठ या वेळेत वाचायला मिळेल. सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा आणि दुरुस्त्या समासात लिहाव्यात. गल्लीतल्या कन्नड शेजाऱ्यांच्या सह्यांसाठी शेवटची दोन पाने कोरी ठेवली आहेत.